अध्यापनात नित्याच्या वस्तूंचा दृष्टान्त

अपरिचित गोष्ट परिचित गोष्टीच्या आधारे शिकवावी, हे सूत्र प्रत्येक अध्यापकाने प्रशिक्षणकाळीच पाठ केलेले असते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ही त्याचीच रूपे होत. परंतु सूत्र पाठ असणे निराळे आणि फळ्यापुढे उभे राहिल्यावर योग्य ती वस्तू सुचणे निराळे. शिवाय वस्तू सुचली तरी ती कोणाच्या परिचयाची, अध्यापकाच्या की विद्यार्थ्याच्या, हा प्रश्न उरतोच. जिवती तालुक्यातील शाळांपुढे तो विशेष तीव्रतेने उभा राहतो. माणिकगडच्या पहाडावरील एखाद्या वर्गात घरी कोलामी बोलणारे, गोंडी बोलणारे, बंजारा बोली बोलणारे आणि मराठवाड्यातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबातील मराठी मूल शेजारी शेजारी बसते. सीमेलगतच्या गावांत तेलुगूही कानी पडते. अशा वर्गात शब्दाने शब्द समजावण्याचा मार्ग लवकरच खुंटतो. वस्तू मात्र सर्वांना दिसते, हाताळता येते आणि तिच्याविषयी प्रत्येकाला काही सांगता येते.

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्या भाषेबरोबर तिच्या उदाहरणांचाही एक संच शाळेत आला. सफरचंद, छत्री, बर्फाचा बाहुला, मेजावरचे पुस्तक, चहाची किटली ही मंडळी इंग्रजी वाचनमालांतून जगभर हिंडत असतात. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. ती इंग्रजांच्या घरातील नित्याची भांडीकुंडी आहेत आणि म्हणूनच त्यांच्या पुस्तकांत आली आहेत. अध्यापकाने शिकण्याजोगी गोष्ट ती वस्तू नसून त्यामागची सवय आहे. ही सवय इंग्रजी भाषकांनी फार जाणीवपूर्वक जोपासली.

लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली. तिचा इतिहास टॉमस स्प्रॅटने १६६७ साली लिहिला, त्यात सोसायटीच्या सभासदांकडून कोणत्या भाषेची अपेक्षा आहे हे त्याने सांगितले आहे. विद्वानांच्या भाषेपेक्षा कारागीर, खेडूत आणि व्यापारी यांची भाषा त्यांना अधिक पसंत होती. याच संस्थेतील रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गोष्टींचा मोठा सचित्र ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ कोणत्या दुर्मिळ प्राण्यापासून नसून सुईच्या टोकापासून होतो. तिच्या मागोमाग वस्तऱ्याची धार येते आणि नंतर तलम कापड. वाचकाला अणकुचीदार वाटणारे सुईचे टोक काचेखाली बोथट व खडबडीत दिसते. सुई घरोघरी असल्यामुळेच हा धक्का बसतो. अज्ञात वस्तू काचेखाली कशीही दिसली तरी वाचकाला तिचे काय वाटणार?

पुढे अर्थशास्त्रासारखा विषयही ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीवरून समजाविला. टाचणी करण्याच्या कामाचे सुमारे १८ भाग पडतात; तार ओढणारा एक, ती सरळ करणारा दुसरा, तोडणारा तिसरा, टोक काढणारा चौथा. याप्रमाणे वाटून घेतल्यास दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात आणि प्रत्येकाने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने काम केले तर दिवसाला २० सुद्धा होणार नाहीत, कदाचित एकही होणार नाही, असे तो म्हणतो. श्रमविभागाच्या सिद्धान्ताची व्याख्या विसरणारा विद्यार्थीदेखील ही टाचणी विसरत नाही. तत्त्वज्ञांनी तर मेज धरून ठेवले आहे. बर्ट्रांड रसेलने १९१२ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकाच्या आरंभीच समोरच्या मेजाचा रंग व आकार खरोखर कोणता, असा प्रश्न उपस्थित केला. एडिंग्टन या ज्योतिर्विदाने १९२७ साली दिलेल्या व्याख्यानांत आपल्यापुढे दोन मेजे असल्याचे सांगितले. एक नेहमीचे भरीव आणि दुसरे पदार्थविज्ञानातील, बहुतांशी पोकळ. मेजच का? लिहिणाऱ्याच्या पुढ्यात मेजच होते, हे त्याचे साधे उत्तर आहे.

वृत्तपत्री भाषेतही हीच सवय दिसते. गारा गोल्फच्या चेंडूएवढ्या, लांबी अमुक दुमजली बसगाड्यांची, जंगल जळाले ते वेल्स प्रांताएवढे. वेल्सचे क्षेत्रफळ सुमारे २१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गडचिरोली जिल्ह्याच्या दीडपटीच्या जवळपास. परंतु पहाडावरील विद्यार्थ्याने गोल्फचा चेंडू पाहिलेला नाही आणि वेल्सचा नकाशाही पाहिलेला नाही. म्हणजे येथे मोजमाप समजावण्यासाठी आणलेली वस्तूच समजावून सांगावी लागणार. अनुवादित पुस्तकांवरून धडा घेताना अध्यापकाने या ठिकाणी थांबावे. मराठीत यासाठी शब्दांची ददात नाही: मोहरीएवढा, हरभऱ्याएवढी, बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी. ही चढती श्रेणी म्हणजे मुलाच्या हाती असलेली तयार मोजपट्टीच होय.

दृष्टान्ताची कला आपणांस इंग्रजांकडून शिकावी लागते असा याचा अर्थ नाही. न्यायशास्त्रातील घट आणि पट ही कुंभाराच्या व कोष्ट्याच्या घरचीच. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे अनुमान सांगताना नैयायिकांनी उदाहरण दिले ते स्वयंपाकघराचे. या अनुमानाचे पाच अवयव त्यांनी पाडले: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. हा पर्वतही तसाच धूर असलेला आहे. म्हणून त्यावर अग्नी आहे. यातील चौथा अवयव, उपनय, अध्यापकांनी विशेष लक्षात ठेवावा. उदाहरणावरून परत मूळ विषयाकडे विद्यार्थ्याला हाताला धरून आणणे हे उपनयाचे काम. महानुभाव पंथाच्या 'दृष्टान्तपाठा'ची रचनाही अशीच आहे. चक्रधरस्वामींच्या निरूपणातील ११४ दृष्टान्त केसोबासांनी त्यात संकलित केले. तेथे प्रथम सूत्र, नंतर दृष्टान्त आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्ताचा मूळ विषयाला लावलेला मेळ. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. पण ती गोष्ट म्हणून सोडून दिलेली नाही.

वर्गात बहुधा नेमका हाच चौथा अवयव गळतो. न्यूटनचे सफरचंद हे त्याचे ठळक उदाहरण. सफरचंद पडले आणि गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला, एवढेच सांगून धडा संपतो. वस्तू खाली पडतात हे न्यूटनपूर्वी कोणास ठाऊक नव्हते काय? ते गुराख्यालाही ठाऊक होते. जी ओढ फळाला खाली आणते तीच चंद्रापर्यंत पोहोचत असेल काय, आणि पोहोचत असेल तर चंद्र पडत का नाही, हा प्रश्न महत्त्वाचा होता. सफरचंदाकडून चंद्राकडे जाणारी वाट हाच या दृष्टान्ताचा उपनय. तो गाळल्यावर उरते ती केवळ फळाची गोष्ट.

आणि फळ तरी सफरचंदच का असावे? सफरचंद आज बाजारात दिसते, परंतु ते झाडावरून पडताना पहाडावरील मुलाने पाहिलेले नसते. मोहाचे फूल पडताना मात्र त्याने पाहिले आहे, ऐकलेही आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे झाडाखाली टोपली घेऊन बसणाऱ्या मुलाला ते केव्हा पडते, कोठे पडते, वारा असल्यास किती अंतरावर जाते हे गुरुजींपेक्षा अधिक ठाऊक असते. त्याच दिवसांत पहाटेच्या आकाशात कित्येकदा चंद्रही असतो. मोहाखालून वर पाहणाऱ्या मुलाला 'फूल खाली आले, चंद्र का येत नाही?' असे विचारल्यास न्यूटनचा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहील. त्याचे उत्तर मात्र सावकाश द्यावे. चेंडू आडवा फेकला की तो पुढे जात जात पडतो. अधिक जोराने फेकला तर अधिक दूर पडतो. चंद्र इतक्या वेगाने आडवा जात असतो की पडत असूनही पृथ्वीला चुकवून तिच्याभोवती फिरत राहतो. प्राथमिक शाळेत एवढे पुरे.

काही अध्यापक वर्गात मोहाचे नाव घेण्यास संकोचतात, कारण मोह म्हटले की त्यांना दारूच आठवते. हा संकोच अस्थानी आहे. मोहाची फुले खाल्ली जातात, बियांचे तेल निघते, झाड देवाप्रमाणे मानले जाते. ज्या झाडावर घरचे चार पैसे अवलंबून, त्याचा उल्लेख शाळेत फक्त व्यसनमुक्तीच्या भाषणात होत असेल, तर मुलाने त्यातून काय समजावे? आपल्या घरचे ते शाळेत बोलण्याजोगे नाही, एवढेच त्याला समजते. आणि मग ते अन्य विषयांवरही बोलेनासे होते. कोलाम मूल वर्गात गप्प असते, अशी तक्रार वारंवार केली जाते. त्याला बोलता येईल अशी एखादी वस्तू त्या दिवशी वर्गात आली होती काय, हे आधी पाहिले पाहिजे.

एका वस्तूवर किती काळ टिकून राहता येते, याचा आदर्श मायकेल फॅरडेने घालून दिला. लोहाराचा हा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता विज्ञान शिकला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्याने भरत. तेथे त्याने एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली, प्रथम १८४८ साली आणि पुन्हा १८६०-६१ साली. मेण वितळून वातीतून वर कसे चढते, ज्योतीचा कोणता भाग अधिक उजळ असतो, जळून काय उत्पन्न होते, आणि अखेर मेणबत्तीचे जळणे व माणसाचा श्वास यांत साम्य कोणते, येथपर्यंत तो त्या एका वस्तूच्या आधारे पोहोचला. हे प्रयोग तेलाच्या पणतीवरही करता येतात. तेल वातीतून चढते ते डोळ्यांनी दिसते. थंड व कोरडी पळी ज्योतीवर थोड्या उंचीवर क्षणभर धरली तर तिच्यावर बाष्पाची झाक येते. म्हणजे जळताना पाणी तयार होते. ज्योतीच्या आत धरली तर काजळी जमते. मेणबत्ती विझविल्याबरोबर निघणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला जळती काडी लावावी. ज्योत धुरावरून धावत वातीवर जाते. विद्यार्थी हा प्रयोग पुन्हा पुन्हा करावयास सांगतील. काडी अध्यापकाच्या हाती असावी व मुलींचे केस, ओढण्या दूर असाव्यात, हे सांगणे नको.

फॅरडेच्या या व्याख्यानांचे अनुकरण सुलभ आहे. हक्स्लेच्या खडूचे मात्र तसे नाही. टी. एच. हक्स्लेने १८६८ साली नॉर्विच येथे तेथील कामकरी लोकांपुढे खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिले. सुताराच्या खिशातील तो पांढरा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा बनलेला दिसतो. यावरून त्या शहराखालची जमीन एके काळी समुद्राचा तळ होती, हे त्याने श्रोत्यांना पटवून दिले. ऐकणाऱ्यांच्या पायाखाली तोच खडक होता, म्हणून व्याख्यान रंगले. एखादा उत्साही अध्यापक फळ्याचा खडू हाती घेऊन हेच सांगू लागेल, तर दोन ठिकाणी चुकेल. पहिले असे की आपल्याकडे बाजारात मिळणारा बहुतेक खडू चुनखडीचा नसून जिप्समचा असतो. त्यात हक्स्लेची कवचे सापडणार नाहीत. दुसरे असे की गडचांदूर, आवारपूर या भागातील सिमेंट कारखान्यांना पुरविली जाणारी चुनखडी इंग्लंडातील खडूच्या खडकापेक्षा कितीतरी प्राचीन आहे. कवचधारी प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीच्या काळातील ती मानली जाते. तेव्हा तिच्यात शिंपले शोधू नयेत. पण यातूनच एक चांगला पाठ निघतो. चुनखडीची बारीक पूड, अंड्याचे कवच आणि शाळेचा खडू अशा तिघांवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत. पहिल्या दोहोंवर बारीक बुडबुडे येतात, जिप्समच्या खडूवर येत नाहीत. दिसायला सारख्या वस्तू एकच असतात असे नाही, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. आणि घरासमोरून जाणाऱ्या मालमोटारी कोणता दगड वाहून नेतात, हेही त्याला कळते.

वस्तू वर्गात आणली म्हणजे पाठ सजीव झाला, हा मात्र भ्रम होय. 'वस्तुपाठ' हा शब्द आज मराठीत अनुकरणीय उदाहरण या अर्थाने रूढ आहे. मूळचा तो शाळेतला. पेस्टालॉत्सीच्या विचारांवरून इंग्लंडात एलिझाबेथ मेयो हिने १८३० साली वस्तुपाठांचे पुस्तक तयार केले. प्रथम वस्तू पाहावी, मग तिचे गुणधर्म सांगावेत, हा त्यामागचा हेतू उत्तम होता. परंतु पद्धत शाळाशाळांतून पसरली तसतशी वस्तू मागे पडली आणि गुणधर्मांची यादी घोकली जाऊ लागली. चार्ल्स डिकन्सने १८५४ सालच्या कादंबरीत याची चांगलीच टर उडविली आहे. सर्कशीतल्या घोडेवाल्याची मुलगी घोड्याची व्याख्या सांगता येत नाही म्हणून अज्ञानी ठरते आणि घोड्याचे दात किती हे धडाधड सांगणारा मुलगा हुशार ठरतो. आयुष्य घोड्यांत गेले ती मुलगी अज्ञानी! आजही बांबू 'तृणवर्गीय वनस्पती' आहे हे न सांगता आल्याबद्दल एखादे कोलाम मूल गुणांना मुकत असेल, तर डिकन्सची ती शाळा बंद झालेली नाही असेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात या बाबतीत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे काम अध्यापकांनी मुद्दाम अभ्यासावे. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह माँटेसोरी पद्धतीचे काम केले होते. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत काम करताना मात्र विकतची महागडी साधने त्यांनी बाजूला ठेवली. शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांतून मोजणे, वर्गीकरण करणे, रंग व आकार ओळखणे त्यांनी शिकविले. मुले गुरे राखण्यास जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. साधने स्वस्त झाली हा त्यातील दुय्यम लाभ होता. मुलाने ती वस्तू आधीच हाताळलेली असल्याने शाळेत त्याला प्रारंभ शून्यापासून करावा लागला नाही, हा खरा लाभ. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या योजनेत टकळीला जे स्थान होते, त्यातही हाच विचार होता. टकळी ही पाहण्याची वस्तू नव्हती, तिच्यावर काम करावयाचे होते.

दृष्टान्ताला मर्यादाही असते व ती वर्गात सांगावी. विजेचा प्रवाह नळातील पाण्यासारखा, असे आपण सांगतो. ठीक आहे. पण नळ फुटला तर पाणी वाहत राहते, तार तुटली तर वीज वाहून जमिनीवर सांडत नाही. आणि सांडलेली दिसत नाही म्हणून तुटलेल्या तारेला हात लावणारे मूल जिवाला मुकते. साम्य कोठे संपते, हे येथे न सांगणे धोक्याचे आहे. साम्याबरोबर निदान एक भेद विद्यार्थ्यांकडूनच काढून घेण्याची प्रथा पाडावी.

बांबूच्या टोपलीवरील एक पाठ पहाडावरील शाळांना सहज घेता येईल. कोलाम कुटुंबांत टोपल्या, चटया विणण्याचे कसब आहे. विणणाऱ्या एखाद्या आजीला शाळेत बोलवावे व पाठ संपेपर्यंत खुर्चीवर तिनेच बसावे. इयत्ता तिसरी-चौथीला सम व विषम संख्या शिकवावयाच्या आहेत. मुलांचे दोन गट करून एकाला आठ उभ्या काड्या द्याव्यात, दुसऱ्याला नऊ. एकच पट्टी एका काडीच्या पुढून, दुसरीच्या मागून अशी गोल विणत न्यावयाची. नऊ काड्यांच्या गटाची दुसरी फेरी पहिल्या फेरीच्या उलट पडते, म्हणजे पुढची जागा मागे, मागची पुढे, आणि वीण घट्ट बसते. आठ काड्यांच्या गटाची पट्टी मात्र प्रत्येक फेरीत त्याच काड्यांच्या पुढून जाते, वीण धरतच नाही. असे का होते, हे अध्यापकाने सांगू नये. मुलांनी काड्या मोजाव्यात, दहा व अकरा घेऊन पुन्हा पाहावे. कारण त्यांना सापडले की मग दोन-दोनच्या जोड्या लावून एक काडी उरते ती संख्या विषम, ही व्याख्या फळ्यावर लिहावी. उरलेली ती एक काडीच प्रत्येक फेरीत पट्टीची बाजू पालटते, हा या पाठाचा उपनय. एखादे मूल म्हणेल, 'गुरुजी, आमची आई सम काड्यांचीही टोपली विणते.' ते खोटे नसते. दोन पट्ट्या घेऊन, एकीमागून दुसरी उलट चालविली, तर सम काड्यांवरही वीण बसते. त्या मुलाला पुढे बोलवावे आणि दोन पट्ट्या त्याच्या हाती द्याव्यात.